किहीमचे शिबिर: पिशवी भरण्याआधी

मे महिन्यात स्काउट-गाइडचे आठवड्याचे शिबिर ठरले की शाळेतून पालकांना एक पत्रक जाते. सतरंजी, चादर, ताट-वाटी-पेला, बॅटरी, टोपी, दोरी, शिट्टी, गणवेशाचे दोन जोड. मुले यादीवर एकेक खूण करत पिशवी भरतात. पिशवी भरली म्हणजे तयारी झाली असे त्यांना वाटते. खरे सांगायचे तर आपल्यालाही तसेच वाटते.

‘तयार’ हे स्काउटचे ब्रीद. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांना घेऊन आठवडाभर तळ ठोकला. तेथून ही चळवळ सुरू झाली, १९०९ साली ती भारतात आली आणि १९५० साली ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही आपली संघटना स्थापन झाली. पहिले शिबिरही समुद्राच्या कडेलाच होते. पण ब्राउन्सीचा ऑगस्ट वेगळा आणि कोकणातला मे वेगळा. जागा बदलली की तयारीही बदलते. तिथे गेल्यावर जे प्रश्न पडणार आहेत ते शाळेतच विचारावेत, मोजावेत आणि सोडवून ठेवावेत, याला तयारी म्हणायचे. हे काम मुलांनीच करायचे आहे.

आपण उदाहरणादाखल अलिबाग तालुक्यातील किहीम घेऊ. मांडव्याहून अलिबागला जाताना चोंढीच्या पुढे समुद्राकडे वळले की हे गाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूची झाडे आणि लांबलचक पुळण. बत्तीस मुले आणि चार शिक्षक सात दिवस तिथे राहणार आहेत असे समजू.

पहिला प्रश्न: समुद्र केव्हा कुठे असेल?

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटे उशिरा येते. कारण सरळ आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, आणि त्याला गाठायला पृथ्वीला आणखी ५० मिनिटे फिरावे लागते.

कोकणात यासाठी एक रूढ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे.

हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडा आणि मुलांना पौर्णिमेची वेळ काढायला सांगा. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. पण दुसऱ्याच दिवशी, प्रतिपदेला, उत्तर येते पाऊण वाजता! एका दिवसात दीड तासाची उडी कशी? एखादी चुणचुणीत मुलगी हा प्रश्न विचारेलच. पंधरा तिथींत भरतीची वेळ पूर्ण बारा तास पुढे सरकायला हवी, म्हणजे दर तिथीला १२ ÷ १५ = ०.८ तास, अर्थात ४८ मिनिटे. तोंडी हिशेबाला सोपे म्हणून लोकांनी ४८ ची ४५ केली. पंधरवड्याच्या शेवटी साचलेली पाऊण तासाची चूक प्रतिपदेला नव्याने मोजायला लागल्यावर पुसून जाते. नियम अंदाजाचा आहे, पण त्याची चूक किती आणि कुठे हे आता आपल्याला माहीत आहे. शिबिराचे वेळापत्रक मात्र छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडूनच पक्के करावे.

आता समजा शिबिर शुद्ध दशमीला सुरू होऊन कृष्ण प्रतिपदेला संपते आहे. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला भरती, दुपारी दीडला ओहोटी. आठवडाभरात ही वेळ दुपारकडे सरकत जाईल आणि पौर्णिमेच्या सुमारास ऐन दुपारी भरती, तर सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. खडकांतली डबकी, खेकडे, शंख पाहायचे असतील तर शेवटच्या दोन सकाळी राखून ठेवा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच पायी जाता येते. तिथेही आत शिरण्याआधी परतीची वेळ ठरलेली हवी.

तंबू कुठे ठोकायचे हेही याच तक्त्यावरून ठरते. पुळणीवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची आणि शिंपल्यांची रेघ दिसते, ती भरतीची मर्यादा. पण दशमीला दिसणारी ताजी रेघ फसवी असते, कारण तेव्हाची भरती लहान असते. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एकाच रेषेत येते आणि पाणी आणखी वर चढते. म्हणून सर्वांत वरची, जुनी रेघ शोधा आणि तिच्याही बरेच वर तळ द्या. तेही नारळाच्या झाडाखाली नव्हे.

पाणी चढते ते एकसारख्या वेगाने नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले, तर ते अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे चढतात. मोठ्या भरतीला या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्या आसपास चढते. म्हणजे तिसऱ्या तासात एक मीटर. पुळणीचा उतार पन्नासात एक असेल तर त्या एका तासात पाणी पन्नास मीटर आत येईल. खडकावर बसून शंख गोळा करणाऱ्या मुलाला मागे पाणी कधी आले हे कळत नाही, ते याचमुळे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडून मेले. त्यांतले कोणीही अडाणी नव्हते. म्हणून शिबिराचा नियम भावनेवर न सोडता आधीच लिहून ठेवावा: ओहोटी लागल्यावर कोणीही पाण्यात उतरायचे नाही, एरवीही गुडघ्यापेक्षा खोल नाही, जोडीदाराशिवाय नाही, आणि काठावर कोरडा उभा राहून फक्त मोजणारा एक शिक्षक नेहमी हवा. गावातल्या माणसाने ‘आज नको’ म्हटले की त्यावर चर्चा नाही.

दुसरा प्रश्न: ऊन किती आहे?

मे महिन्यात नागपूरला पारा ४२ अंशांवर असतो, अलिबागला ३३ वर. मग किहीमला उन्हाची भीती कशाला? उत्तर हवेतल्या ओलाव्यात आहे.

आपले शरीर थंड होते ते घामाने नव्हे, घाम वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. पाणी आणि मीठ गेले, गारवा मात्र मिळाला नाही.

हे मोजता येते. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले मलमलचे फडके गुंडाळा. दोन्ही सावलीत टांगा आणि पंख्याने वारा घाला. ओल्या तापमापकाचा पारा जिथे थांबतो ते तापमान आपल्या कामाचे. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना तो २२ च्या आसपास थांबतो. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत साडेसत्तावीसच्या आसपास! तापमापकाने थंड ठरवलेला किनारा घामाच्या दृष्टीने अधिक कठीण आहे.

हे ओले तापमान ३५ अंशांवर गेले तर माणूस तगू शकत नाही असे पूर्वी मानत. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या संशोधकांनी २०२२ साली निरोगी तरुणांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या जवळच आढळली. एप्रिल २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातच खारघरला भर दुपारच्या उघड्यावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या खालीच होता.

तेव्हा आमची सूचना अशी: ओला तापमापक २७ च्या वर गेला की कवायत, खेळ, चढण बंद. व्यवहारात याचा अर्थ अकरा ते चार सावलीतली कामे. गाठी, नकाशा, गोष्टी, वही.

शरीरालाही तयारी लागते. उन्हात काम करण्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस जातात. या काळात रक्तातल्या पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. शिबिर सात दिवसांचे, म्हणजे ही सवय तिथे होणार नाही, घरूनच करून न्यावी लागेल. आधीचे दोन आठवडे मुलांनी रोज सकाळी अर्धा-पाऊण तास उन्हात भरभर चालावे. पत्रकात हे कुठे लिहिलेले नसते, आणि पिशवीतल्या कोणत्याही वस्तूपेक्षा याचा उपयोग मोठा आहे.

एखादे मूल अडखळत बोलू लागले, भांबावले, अंग तापले, तर घाम येतो आहे की नाही हे पाहत बसू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

तिसरा प्रश्न: पाणी कोणते आणि किती?

पिण्यासाठी माणशी चार लिटर धरले तर छत्तीस जणांना रोज १४४ लिटर, आठवड्याला हजारावर. स्वयंपाक, भांडी, अंघोळ धरून माणशी पंधरा लिटर म्हटले तर रोज ५४०. हा आकडा मुलांना बादल्यांत मोजायला लावा. पंधरा लिटरच्या छत्तीस बादल्या. विहिरीपासून तळापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले की कोणत्या गटाला किती खेपा हे ठरते.

किनाऱ्याच्या विहिरीचे शास्त्रही समजून घ्यावे. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५, गोड्याची १. या एवढ्याशा फरकाचा परिणाम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. पण वरची पातळी एक मीटर उतरली की खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात. आपण पंप लावून बेसुमार उपसा केला तर आपल्यामागे गावाची विहीर मचूळ होईल. म्हणून यजमानांना विचारून, रहाटाने, लागेल तेवढेच.

उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही. चव आधी पाहावी. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले. प्रमाण महत्त्वाचे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून चमचा घरूनच न्या आणि एकदा करून, चाखून पाहा. त्याची चव अश्रूंहून खारट असता कामा नये.

चौथा प्रश्न: अंधारात पायाखाली काय?

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप कोकणात आहेत. साप चावला तर चिरा देणे, करकचून बांधणे, मंत्र, या सगळ्यात वेळ जातो. धीर द्यावा, चावलेला भाग हलू देऊ नये आणि रुग्णालय गाठावे. चौघांच्याही विषावर एकच प्रतिविष चालते, आणि जिल्हा रुग्णालय अलिबागलाच आहे. तिथवरचा रस्ता शिक्षकांनी आधी एकदा जाऊन पाहावा.

लाल विंचवाचा दंश मुलांना जिवावरचा असे. रायगडमधीलच महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा वापर सुरू केला आणि मृत्यूंचे प्रमाण अगदी थोड्यावर आणले. आपल्या हाती मात्र यापेक्षा सोपे उपाय आहेत. बूट झटकून घालणे, सरपण हाताने न चाचपणे, रात्री बॅटरीशिवाय पाऊल न टाकणे.

तीन आठवड्यांचे वेळापत्रक

पहिल्या आठवड्यात पंचांग घेऊन भरतीचा तक्ता करा. दुसऱ्यात ओला तापमापक बनवून रोज तीनदा नोंद ठेवा. चालणे सुरू असेलच. तिसऱ्यात शाळेच्या मैदानावर एक रात्र मुक्काम करा, पाणी मोजून वापरा. काय विसरले ते त्या रात्री कळते, आणि तेव्हा घर जवळ असते.

एवढा हिशेब कशासाठी? किहीमलाच एक उदाहरण आहे. १९३० साली नोकरी नसलेले सालिम अली या गावात येऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर ते नेमाने बसून पाहत आणि टिपत राहिले. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी पुढचे घरटे सुरू करतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३१ साली प्रसिद्ध केले. गावातल्या लोकांनी ते पक्षी रोज पाहिले होते. फरक होता तो निवांत, रोज, एकाच जागी बसण्याचा.

मे महिन्यात झाडांना गेल्या वर्षीची वाळलेली घरटी लटकलेली असतील. त्यांतली किती पुरी आणि किती अर्धवट सोडलेली, हे तुमची मुले मोजू शकतील. पाणी, ऊन आणि भरती यांचा प्रश्न ज्यांनी घरीच सोडवला आहे, त्यांनाच तेवढा वेळ मिळेल.