गुत्तीचा निळा कोळी

कलबुर्गीहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग वाडी, रायचूर, गुंटकल ओलांडून गुत्तीस पोचतो. गुत्ती म्हटले की मराठी माणसास मुरारराव घोरपडे व त्यांचा डोंगरी किल्ला आठवावा, हे स्वाभाविकच. प्राणिशास्त्रज्ञ मात्र हे गाव ओळखतात ते एका कोळ्यामुळे.

1899 साली पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने या कोळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आधार होता गुत्तीच्या रेल्वे-लाकूडवखारीत सापडलेला एकच नमुना. ‘पोइसिलोथेरिया मेटॅलिका’ हे त्याचे भारदस्त नाव. अंगकांती मोरकंठी निळी. ही निळाई रंगद्रव्याची नव्हे. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश खेळतो, त्यातून ती उमटते. पूर्ण वाढलेल्या मादीने पाय पसरले तर आपला तळहात सहज झाकला जाईल.

पुढे शंभर वर्षे त्याचा मागमूस नव्हता. 2001 साली तो पुन्हा आढळला. पण गुत्तीस नव्हे, तेथून पूर्वेस सुमारे 100 किलोमीटरांवर, नंद्याल व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या अरण्यात. मग तो वखारीत कसा आला? तोडलेल्या ओंडक्याच्या ढोलीत बसून, आगगाडीनेच आला असावा, असा जाणकारांचा तर्क आहे. घर तुटले तेव्हा कुठे जगाला घरधनी दिसला म्हणायचा!

ढोली हेच त्याचे सर्वस्व. दिवसा तीत दडावे, रात्री बाहेर पडून किडे टिपावेत, असा त्याचा क्रम. ढोल्या कमी पडल्या की हे कोळी एकाच बिऱ्हाडात दाटीने राहतात. ढोली पडण्यास झाडाचे वय व्हावे लागते. त्यामुळे तोडलेल्या वृक्षाजागी रोप लावून हिशेब चुकता होत नाही. सरपण व इमारती लाकूड यांसाठी होणारी तोड, आणि परदेशी शौकिनांसाठी होणारी पकड, या दोहोंमुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने 2008 साली त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ जातींत केली. त्या वेळी त्याचे ज्ञात क्षेत्र 100 चौरस किलोमीटरांहूनही कमी होते.

हा कोळी आमच्या सीमाभागातला नव्हे, हे खरे. परंतु पोकळ झाड म्हणजे निकामी झाड, ही समजूत आमच्याकडेही आहे, आणि तिला आम्ही स्वतः अपवाद नाही. शाळेच्या आवारातील जुना कडुनिंब ‘आतून पोकळ’ म्हणून तोडावा, या कागदावर सही आमचीच होती. पहिला घाव बसताच ढोलीतून पिंगळ्यांची जोडी उडाली व भर उन्हात कौलांवर जाऊन बसली. मुले आमच्या तोंडाकडे पाहू लागली. आम्हांस उत्तर सुचले नाही.

विहिरीजवळचा दुसरा कडुनिंब अद्याप उभा आहे. त्यालाही ढोली आहे. त्याच्यासंबंधीचा कागद आम्ही पुढे पाठविलेला नाही.