नकलेच्या रंगाखाली काय सापडतं?

थोरला पीटर ब्रॉयगेल १५६९ मध्ये वारला तेव्हा त्याचा मुलगा, धाकटा पीटर, जेमतेम पाच वर्षांचा होता. मोठा झाल्यावर याच मुलाने अँटवर्पमध्ये चित्रशाळा काढली आणि वडिलांच्या चित्रांच्या नकला करून विकल्या. गावातली लग्नं, जत्रा, पुंगीच्या तालावर नाचणारे शेतकरी. काही चित्रांच्या तर डझनावारी प्रती. कलेच्या इतिहासात बराच काळ त्याची ओळख 'बापाची नक्कल करणारा' एवढीच होती.

मला इथे वेगळाच प्रश्न पडतो. वडिलांची बरीच चित्रं खासगी संग्रहांत गेली होती. मग लग्नातल्या नाचाची एवढी गर्दी त्याच्या माणसांनी पुन्हा पुन्हा तशीच उतरवली कशी?

यासाठी इन्फ्रारेड कॅमेरा वापरतात. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश रंगाच्या बऱ्याच थरांतून आरपार जातो. खालचा पांढरा खडूचा थर तो परत पाठवतो, पण कोळशासारखा कार्बन तो शोषून घेतो. त्यामुळे रंगाखालचं रेखाटन काळं दिसतं. क्रिस्टिना करी आणि डॉमिनिक अलार यांनी अशाच तपासण्यांवर २०१२ मध्ये तीन खंडांचा ग्रंथ काढला.

काही प्रतींमध्ये रेघांखाली बारीक ठिपके सापडले. म्हणजे कागदावरच्या चित्राला सुईने भोकं पाडायची, वरून कोळशाची पूड दाबायची आणि मग ठिपके जोडायचे. भरतकामाची नक्षी कापडावर उतरवतात ना, अगदी तसंच!

इथे एक सावधगिरी हवी. रेघ ओढून झाली की पूड झटकून टाकता येते. त्यामुळे ठिपके दिसले नाहीत म्हणून छाप वापरलाच नाही, असं म्हणता येत नाही. मग दुसरा पुरावा शोधायचा: वेगवेगळ्या प्रतींच्या बाह्यरेषा पारदर्शक फिल्मवर उतरवून एकमेकींवर ठेवायच्या. आकृत्या जुळल्या, तर छाप एकच असण्याची शक्यता बळावते. आकृत्या जुळतात पण कपड्यांचे रंग मूळ चित्राहून वेगळे, असं दिसलं तर आणखी एक शक्यता पुढे येते: त्याच्या हाती वडिलांची रेखाटनं असावीत, रंगवलेलं चित्र नव्हे.

नकला कधी मूळ चित्रापेक्षा जास्त सांगतात. थोरल्याचं 'निष्पापांचं हत्याकांड' हे चित्र (सणाचं नाही, पण गाव तसंच) ब्रिटनच्या राजसंग्रहात आहे. त्यातली मारली जाणारी बाळं नंतर कुणीतरी रंगवून झाकली. त्यांच्या जागी जनावरं आणि गाठोडी आली. धाकट्याच्या प्रतींमध्ये ती बाळं अजून दिसतात.