सारा टीचर : हद्दीबाहेरच्या माणसांची कादंबरीकार

सारा जोसेफ यांचा जन्म 1946 साली त्रिशूर शहराला लागून असलेल्या कुरियाचिरा येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. नववीत शिकत असताना, वयाच्या 15व्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. त्या काळच्या केरळात अशा मुलीचे शिक्षण बहुधा तिथेच थांबत असे. सारा यांनी मात्र शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केले, शाळेत नोकरी धरली आणि शिकवता शिकवता बाहेरून परीक्षा देत मल्याळम विषयात बी.ए. आणि एम.ए. केले. पुढे पट्टांबीच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात त्या मल्याळमच्या प्राध्यापिका झाल्या. केरळात शिक्षिकेच्या नावापुढे आदराने ‘टीचर’ जोडतात. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही त्यांना सारा टीचर म्हणूनच हाक मारली जाते.

पट्टांबीला स्वतःची परंपरा आहे. भारतप्पुळा नदीकाठच्या या गावात पुन्नश्शेरी नंबी नीलकंठ शर्मा यांनी जातीचा अडसर न ठेवता संस्कृत पाठशाळा चालवली आणि त्यातूनच हे महाविद्यालय उभे राहिले. डाव्या चळवळीतले कादंबरीकार चेरुकाड यांनीही येथेच मल्याळम शिकवले होते. वर्गात शिकवणे आणि गावात चळवळ करणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे या कॉलेजने कधी मानले नाही. 1980च्या दशकाच्या मध्यात सारा जोसेफ यांनी विद्यार्थिनींना सोबत घेऊन ‘मानुषी’ ही संघटना सुरू केली. हुंडा, बलात्कार, घरातली मारहाण या प्रश्नांवर मुली रस्त्यावर उतरल्या, पथनाट्ये करू लागल्या. केरळातील संघटित स्त्रीवादी चळवळीच्या अगदी सुरुवातीच्या गटांत ‘मानुषी’ची गणना होते.

या चळवळीने त्यांचे लेखन मुळापासून बदलले. सुरुवातीला कविता लिहिणाऱ्या सारा यांचा ‘मनस्सिले ती मात्रम्’ हा पहिला कथासंग्रह 1973मध्ये आला होता. त्या कथा चांगल्या आहेत, पण त्यांतली भाषा अजून परंपरेने घालून दिलेल्या वाटेनेच जाते. 1990च्या ‘पापत्तर’ या संग्रहात ती वाट सुटली. बाळंतपण, स्त्रीचे शरीर, नकोशी ठरवलेली मुलगी यांविषयी या कथा स्वप्नासारख्या, तुटक, प्रतिमांनी भारलेल्या भाषेत बोलतात. कवी के. सच्चिदानंदन यांनी या संग्रहाच्या प्रस्तावनेत ‘पेण्णेळुत्तु’, म्हणजे स्त्रीचे लेखन, ही संज्ञा वापरली आणि मल्याळम साहित्यात मोठा वाद पेटला. ललितांबिका अंतर्जनम, के. सरस्वती अम्मा, माधवीकुट्टी यांनी आधीच मोठे काम करून ठेवलेल्या भाषेत असा वाद व्हावा, याचे आश्चर्य वाटते. त्याआधीच्या लेखिकांना एकेकट्या अपवाद म्हणून बाजूला ठेवता आले होते. सारा जोसेफ यांच्या मागे मात्र एक चळवळ उभी होती आणि वादाची धार बहुधा त्यामुळेच वाढली.

त्यांची पहिली महत्त्वाची कादंबरी यायला 1999 उजाडले. ‘आलाहयुडे पेण्मक्कळ’ म्हणजे आलाहाच्या लेकी. आलाहा हे सिरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेतले देवाचे नाव आहे. कादंबरी घडते कोक्कांचिरा या त्रिशूरच्या कडेच्या वस्तीत. शहराला आपली घाण जिथे टाकायची होती, तिथेच ती उपसणारी माणसेही शहराने नेऊन ठेवली. या वस्तीची कथा ॲनी नावाच्या लहान मुलीच्या नजरेतून उलगडते. घरात आजी आहे, बायका आहेत, क्षयाने खंगत चाललेला काका आहे, नाही तो फक्त बाप. शाळेत कोक्कांचिराचे नाव सांगितले की इतर मुले दूर सरकतात, आणि ॲनीला पत्ता या गोष्टीचा अर्थ कळतो. मग शहर वाढते, घाणीची जागा मोक्याची ठरते आणि ज्यांनी ती राहण्याजोगी केली त्यांनाच तिथून हलावे लागते.

या कादंबरीचे सर्वात मोठे बळ तिच्या बोलीत आहे. त्रिशूरच्या कष्टकरी ख्रिस्ती बायकांचे बोलणे, त्यांच्या शिव्या, प्रार्थना आणि रडगाणी इथे निवेदनाचीच भाषा होतात. प्रमाण मल्याळमची प्राध्यापिका आपल्या सर्वोत्तम पुस्तकासाठी प्रमाण भाषा बाजूला ठेवते, हा त्यांच्या अध्यापकीय आयुष्याचाही एक निष्कर्ष मानावा लागेल. कादंबरीला 2001 साली केरळ साहित्य अकादमीचा, 2003 साली केंद्रीय साहित्य अकादमीचा आणि 2004 साली वयलार पुरस्कार मिळाला.

‘माट्टाती’ आणि ‘ओतप्पु’ या पुढच्या दोन कादंबऱ्यांनी त्रयी पूर्ण झाली. ‘माट्टाती’तली लूसी परक्या घरात राबत वाढणारी मुलगी आहे. ‘ओतप्पु’ (2005) अधिक गाजली. मार्गलिता नावाची जोगीण मठ सोडून बाहेर पडते आणि करिक्कन या धर्मगुरूवर प्रेम करते. चर्च, कुटुंब, गाव सगळे तिच्यावर दार लावतात. करिक्कन अपराधभावाखाली मोडून पडतो, ती मोडत नाही. मार्गलितेची श्रद्धा शेवटपर्यंत शाबूत आहे, ही या कादंबरीतली सर्वात धाडसी गोष्ट. ख्रिस्ताला मानणे आणि संस्थेची आज्ञा पाळणे यांत लेखिकेने स्पष्ट रेघ ओढली आहे.

रामायणाकडे त्या याच दृष्टीने गेल्या. त्यांच्या रामायणकथांत शूर्पणखा, मंथरा आणि सीता स्वतः बोलतात. ‘ऊरुकावल’ ही कादंबरी वालीचा मुलगा अंगद याच्या बाजूने सांगितलेली आहे. बापाला ज्याने मारले त्याच्याच सैन्यात लढावे लागणाऱ्या मुलाचे दुःख त्यांनी फार जवळून पाहिले आहे.

2011ची ‘आति’ पाण्याची कादंबरी आहे. खारफुटी, मासे, भातशेती आणि गोष्टी सांगण्याच्या रात्री यांवर जगणारे एक पाणथळ गाव, आणि तेच गाव भराव घालून विकायला परतलेला गावचाच कुमारन. कोचीभोवतीच्या जमिनींचे जे झाले, त्याची ही कथा. पाण्याची वर्णने अप्रतिम असली, तरी सुष्ट आणि दुष्ट यांची वाटणी इथे जरा सरळसोट झाली आहे. कोक्कांचिराच्या माणसांतली गुंतागुंत ‘आति’च्या माणसांना लाभलेली नाही.

ती उणीव 2019च्या ‘बुधिनी’ने बरीच भरून काढली. 6 डिसेंबर 1959 रोजी दामोदर नदीवरील पंचेत धरणाचे उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी एका संथाळ मुलीच्या हातून करवले. ती बुधिनी मेझान, धरणावरचीच मजूर. समारंभात नेहरूंच्या गळ्यात हार पडला, म्हणजे तिचे त्यांच्याशी लग्न लागले, असे समाजाने ठरवले आणि तिला गावाबाहेर काढले. 1962मध्ये नोकरीही गेली. ती परत मिळाली राजीव गांधींच्या काळात. बुधिनी वारल्याच्या बातम्याही छापून आल्या होत्या. सारा जोसेफ झारखंडला गेल्या, तेव्हा बुधिनी हयात असल्याचे आढळले. कादंबरीत एक तरुण संथाळ पत्रकार, रूपी मुर्मू, हा शोध घेते. धरणाने बुडवलेली गावे आणि समाजाने टाकलेली बाई या दोन गोष्टी लेखिकेने एका धाग्यात ओवल्या आहेत. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद त्यांची कन्या, कादंबरीकार संगीता श्रीनिवासन यांनी केला.

सार्वजनिक जीवनातही त्या मागे राहिल्या नाहीत. 2014च्या लोकसभा निवडणुकीत त्रिशूरमधून त्या आम आदमी पक्षाच्या उमेदवार होत्या. त्याच निवडणुकीत त्याच पक्षाकडून मेधा पाटकर ईशान्य मुंबईतून उभ्या होत्या. दोघीही हरल्या, सारा जोसेफ यांना 44 हजारांहून अधिक मते मिळाली. दाभोलकर, पानसरे आणि मग कलबुर्गी यांच्या हत्या झाल्या, दादरीत गोमांसाच्या संशयावरून जमावाने एकाचा जीव घेतला, तेव्हा ऑक्टोबर 2015मध्ये त्यांनी निषेध म्हणून केंद्रीय साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला.

बुधिनी मेझान 2023च्या नोव्हेंबरमध्ये वारल्या. त्यांची कहाणी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत राहून गेली असती. एका मल्याळम प्राध्यापिकेने ती भारतीय साहित्यात आणून ठेवली. तरीही सारा जोसेफ प्रथमच वाचणाऱ्याने सुरुवात कोक्कांचिरापासून करावी. त्यांचे सर्वात मोठे पुस्तक आजही तेच आहे.