‘पोरांना काही सांगू नका’

मेंदूचं ऑपरेशन आहे हे कळलं, की तासाभरात घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, ‘पोरांना काही सांगू नका, घाबरतील.’ म्हणणाऱ्याचा जीव तुटत असतो, हे मान्य. तरी ते ऐकलं की माझा पारा चढतो, कारण हा सल्ला साफ चुकीचा आहे.

झाईसारख्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावात असली थाप दुपारपर्यंतही टिकत नाही. पेशंटला वापीला नाहीतर थेट मुंबईला हलवलेलं. घरी आत्या राहायला आलेली, आई फोन घेऊन पडवीत जाते, शेजारीण डोळे पुसत परत जाते. आणि पोराला सांगायचं, ‘बाबा बोटीवर गेलेत.’ जुलैत? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, हे मच्छीमाराच्या पोराला पाढ्यांच्या आधी ठाऊक असतं. ते किनाऱ्यावर जातं, बाबांची बोट ताडपत्रीखाली बघतं आणि मुकाट्याने परत येतं. मग ते कुणाला काही विचारत नाही.

‘लहान मुलांना कुठे कळतं’ म्हणणाऱ्यांसाठी सांगते. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने अमेरिकेतल्या एका रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या 3 ते 9 वर्षांच्या मुलांमध्ये राहून अभ्यास केला. तिचं पुस्तक 1978 मध्ये आलं. कुणी सांगितलेलं नसतानाही आपला आजार जीवघेणा आहे हे त्या मुलांना कळलं होतं. वर मोठ्यांना त्रास नको म्हणून तीच काही ठाऊक नसल्यासारखं वागत होती.

आपल्याकडे यात आणखी एक काटा आहे. ‘डोकं खाऊ नकोस’, ‘माझ्या डोक्याला ताप झालाय नुसता’ हे मुलं रोज ऐकतात. एक दिवस त्याच बाबांचं डोकं उघडतात. कुणी काही सांगत नाही, तेव्हा सहा वर्षांचं पोर आपलं आपण गणित मांडतं: मी त्रास दिला म्हणून हे झालं. म्हणून पहिलं वाक्य हेच हवं: ‘तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही.’

पुढचंही सरळ सांगा. डोक्यात गाठ होती. डॉक्टरांनी कवटीचा छोटा तुकडा काढला, गाठ काढली, तुकडा बारीक पट्ट्यांनी परत बसवला. ‘झोपवून ठेवलंय’ एवढंच म्हणू नका, नाहीतर पोर रात्री झोपायला घाबरेल. ‘औषधाची झोप, आपल्यासारखी नाही’ असं म्हणा. ‘रविवारी नक्की घरी येतील’ असा शब्दही देऊ नका.

आयसीयूत न्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तिथे मुलांना सोडत असतील आणि पोराची इच्छा असेल, तरच न्या. आधी फोटो दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे सुजून मिटलेले असू शकतात, ती सूज उतरते. बाबा रागावले म्हणून गप्प नाहीत. श्वासाची नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणून आवाज फुटत नाही. हात बांधलेत ते नळी ओढली जाऊ नये म्हणून. नर्स सारखी उठवते, हाका मारते, हात हलवायला सांगते, डोळ्यांत टॉर्च मारते, तोही छळ नव्हे. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये शुद्धीची मोजपट्टी दिली; आज ती 3 ते 15 गुणांची असते. हाका मारणं, हात हलवायला सांगणं त्यासाठीच, आणि टॉर्च बाहुल्या बघायला.

बाकीच्या समजुती थोडक्यात. मेंदू कापताना मेंदू दुखतो? त्याला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखते ती त्वचा आणि आवरणं. पूर्ण टक्कल करावंच लागतं? बऱ्याचदा पट्टीपुरतेच केस काढतात. गाठ संसर्गाने पसरते? नाही, बाबांना खुशाल बिलगा. फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवायची? अजिबात नाही! कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. ऑपरेशननंतर माणूस वेडा होतो? नाही, पण काही जण चिडचिडे होतात, शब्द विसरतात. हे बाबा घरी येण्याआधीच पोराला सांगा.

आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्या. सूज फार असली तर कवटीचा तुकडा लगेच न बसवता कधी कधी पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. हे ऐकलेलं पोर विचारणारच, ‘मग तिथून काढणार कसा?’ काही महिन्यांनी, आणखी एका ऑपरेशनने. तेव्हाही बाबांना औषधाची झोप देतील.