चढ-उताराचा आजार : द्विध्रुवीय विकाराची ओळख

धाराशिव जिल्ह्यात मनाच्या आजाराचा विषय निघाला की तो बहुधा एखाद्या आपत्तीला जोडूनच निघतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगा परिसरातील आणि आजच्या लोहारा तालुक्यातील गावे उद्ध्वस्त झाली, तेव्हा घरे बांधून दिली तरी माणसे सावरत नाहीत, हे प्रशासनाच्या आणि समाजाच्या ध्यानी आले. पुढे सततच्या अवर्षणामुळे शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न बिकट झाला आणि २०१५ मध्ये यवतमाळबरोबर या जिल्ह्यातही बळीराजा चेतना अभियान सुरू करण्यात आले. हे सारे आवश्यकच होते. तथापि त्यातून एक समजूत नकळत दृढ झाली. मन आजारी पडते ते संकटामुळे, आणि संकट टळले की ते आपोआप ताळ्यावर येते, अशी ती समजूत होय. द्विध्रुवीय विकार, ज्याला डॉक्टर बायपोलर डिसऑर्डर म्हणतात, तो या समजुतीत बसत नाही. पाऊसपाणी उत्तम झालेल्या वर्षीही तो होतो आणि डोक्यावर एका रुपयाचे कर्ज नसलेल्या घरातही होतो.

या विकारात मनाची अवस्था आलटून पालटून दोन टोकांना जाते. एक टोक उन्मादाचे. त्यात रुग्णाला झोपेची गरजच वाटत नाही. दोन-तीन तास झोपूनही तो ताजातवाना असतो. बोलणे अखंड चालते, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी पडते, आपल्याला काहीही अशक्य नाही असे वाटू लागते. पैसा हातात टिकत नाही. अडवले तर संताप अनावर होतो. ही स्थिती आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ टिकते. दुसरे टोक अवसादाचे, म्हणजे खोल नैराश्याचे. दोन आठवडे, कित्येकदा महिनोन् महिने, कशातच रस उरत नाही, अंथरुणातून उठणे डोंगराएवढे होते, जगणे नकोसे वाटते. मधल्या काळात हाच मनुष्य पूर्णपणे नेहमीसारखा असू शकतो. घरच्यांचा गोंधळ होतो तो यामुळेच.

प्रारंभ बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून पंचविशीपर्यंत होतो. हा दहावी-बारावीचा, नोकरीच्या धडपडीचा आणि विवाहाचा काळ. सौम्य उन्मादातील तरुण गावाला हुशार, धडाडीचा वाटतो. यात्रेची वर्गणी तोच गोळा करतो, रात्ररात्र जागून मंडप तोच उभारतो, आणि त्याचे कौतुक होते. काही महिन्यांनी तोच तरुण शेतावर जाईनासा झाला की त्याला आळशी ठरवले जाते. कौतुक आणि दूषण दोन्ही एकाच आजाराच्या वाट्याला जातात, मात्र आजार म्हणून कोणी पाहत नाही. २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु या विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत, हा त्यातील निष्कर्ष येथेही विचारात घेण्याजोगा आहे.

देवीच्या या जिल्ह्यात आणखी एक उलगडा करणे भाग आहे. जागरणात अंगात येणारी आराधीण रुग्ण नव्हे. विधी संपला की ती आपल्या कामाला लागते. पण जो दिवसच्या दिवस झोपत नाही, स्वतःला अवतार समजतो आणि जागरण आटोपल्यावरही शांत होत नाही, त्याला देवऋषीकडे नव्हे तर डॉक्टरकडे न्यावयास हवे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. संकट, बाळंतपण, व्यसन आणि विशेषतः झोपमोड यांनी आजार उफाळतो. वाईट संगोपन किंवा कमकुवत मन हे त्याचे कारण नाही. डॉक्टरकडे जाताना केवळ नैराश्याची तक्रार सांगितली जाते आणि मागील उन्मादाचा उल्लेख राहून जातो. ही चूक महागात पडते, कारण केवळ नैराश्याचे औषध दिल्यास काही रुग्ण उन्मादाकडे ढकलले जातात. यासाठी रुग्णासोबत जाणाऱ्या नातेवाइकाने पूर्वीचा सारा वृत्तान्त सांगावा.

औषध आणि ऋतुमान

उपचारातील जुने व आजही भरवशाचे औषध म्हणजे लिथियम. हा एक साधा क्षार. त्याचा उन्मादावरील उपयोग ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. लिथियमने पुन्हा उद्भवणारे झटके कमी होतात आणि आत्महत्येचा धोकाही घटतो. मात्र त्याची मात्रा कमी झाली तर उपयोग नाही आणि थोडी वाढली तर विषबाधा, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. मूत्रपिंड व थायरॉइड यांचीही. इतर औषधेही आहेत. त्यांपैकी व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करू शकते, यास्तव विवाहित तरुणीच्या बाबतीत डॉक्टरांना आधीच विचारले पाहिजे.

आपल्या हवामानाचा येथे थेट संबंध येतो. शरीरातील पाणी व मीठ घटले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भर उन्हात भरते. नवरात्रात तुळजापुरातून ज्योत घेऊन तरुण आपापल्या गावापर्यंत धावतात, कोजागरीला हजारो भाविक पायी तुळजापूर गाठतात. लिथियम घेणाऱ्याने यात्रेस जाऊ नये असे नाही. निर्जळी उपवास, उन्हातील दीर्घ चाल आणि रात्रभराचे जागरण हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नयेत, एवढेच. पाय दुखले म्हणून दुकानातून घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही लिथियमचे प्रमाण वाढवते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसताच लिथियमची पुढची मात्रा न घेता रुग्णालय गाठावे.

सर्वांत मोठा धोका मात्र बरे वाटण्यातच आहे. सहा महिने शांततेत गेले की औषध बंद केले जाते, आणि मग आजार उलटतो. गोळी अनेकांना वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. ज्या घरात रक्तदाबाची गोळी रोज घेतली जाते, तेथे ही गोष्ट पटवून देणे तितकेसे कठीण नसावे. आशा स्वयंसेविकेने महिन्याकाठी एकदा सहज विचारपूस केली तरी पुष्कळ साधते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात तपासणीची सोय आहे. तुळजापूर भागातील रुग्णांना सोलापूर, कळंबकडील रुग्णांना अंबाजोगाई आणि उमरग्याकडील रुग्णांना लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयेही जवळ पडतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर त्याबद्दल खटला न चालवता तिला उपचार द्यावेत, अशी त्यात तरतूद आहे. प्रकृती ठीक असताना आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत हे रुग्णाला आगाऊ लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो. चढ-उताराच्या या आजारात ही तरतूद विशेष उपयोगी आहे, कारण उन्मादात उपचार नाकारणारा रुग्ण मधल्या काळात स्वतःच त्याची निवड करू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात मानसिक आजाराचा समावेश असून, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास त्या कारणावरून सेवेतून काढता येत नाही. कार्यालयप्रमुखांनी हे ध्यानी ठेवावे.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. उन्मादाच्या भरात शेत कवडीमोलाने विकल्याने कुटुंबे उघड्यावर येतात. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १२ प्रमाणे, एरव्ही ठीक असणारी व्यक्ती मनाचा तोल ढळलेला असताना करार करू शकत नाही. उलट, एरव्ही आजारी असणारी व्यक्ती ठीक असताना करार करू शकते. म्हणजे निदानाचा कागद दाखवून कोणाचा व्यवहार कायमचा रोखता येत नाही, आणि भाऊबंदांनी वाटणीतून नाव कमी करण्यासाठी त्या कागदाचा वापर करणेही योग्य नाही. खरेदीखताच्या दिवशी व्यक्ती कोणत्या अवस्थेत होती, हा मुद्दा निर्णायक ठरतो. त्या सुमाराचे रुग्णालयाचे केसपेपर, तारखेसह, म्हणूनच जपून ठेवले पाहिजेत. आणि फेरफाराची नोटीस निघाल्यावर घरच्यांनी मुदतीत लेखी हरकत नोंदवली, तर गावच्या महसूल कर्मचाऱ्याने ती घरगुती भांडण समजून बाजूला न ठेवता वरिष्ठांकडे पाठवावी.