अभयारण्याच्या कडेकडेने : तंबूखालची जमीन

काजव्यांवरचा लेख या आठवड्यात यायचा होता. तो पुढे गेला, कारण मध्येच संगमनेरच्या एका वाचकाचा प्रश्न आला: भंडारदऱ्याच्या काठी तंबू ठोकायचा तर परवानगी कोणाची? प्रश्न एका ओळीचा, पण उत्तरासाठी सातबारा, धरणाची पातळी आणि १९७२ चा वन्यजीव कायदा असं सगळंच उघडून बसावं लागतं.

कायद्यापासून सुरुवात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, तेव्हा घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावं तिथे पिढ्यानपिढ्या नांदत होती. कायद्याचं कलम २७ अभयारण्यात कोणाला शिरता येतं ते सांगतं: कामावरचा सरकारी नोकर, परवाना घेतलेला माणूस, आत जमीनजुमला असलेला आणि सार्वजनिक रस्त्याने नुसता पुढे जाणारा. पर्यटकासाठी परवान्याची वाट कलम २८ मध्ये आहे. म्हणजे शेंडीहून मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा जलाशयाला वळसा घालणारा प्रवासी रस्त्यावर असतो तोवर वाटसरू. गाडी लावून झाडीत शिरला, की नाक्यावरची पावती खिशात हवी.

मग शेतातल्या तंबूंचं काय? काठावरचे पुष्कळसे तंबू गावकऱ्यांच्या मालकीच्या गटांत लागतात. भाताचं खाचर पावसाळ्यात पिकतं, उन्हाळ्यात मोकळं पडतं; त्याच मोकळ्या खाचरात तंबूंची रांग उभी राहते. जमीन खासगी असली तरी ती अभयारण्याच्या हद्दीत असेल तर कलम ३० तिथेही लागू आहे: अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायचा नाही आणि जळता सोडून जायचाही नाही. मे महिन्यात गवत कडकडीत वाळलेलं असतं. त्यात शेकोटी आणि बार्बेक्यूची जाहिरात करणाऱ्यांनी हे कलम वाचलं असेल, असं मानायला मन धजत नाही.

खरी गंमत पाण्याच्या रेषेवर आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. आवर्तनं सुटू लागली की पाणी मागे सरकतं आणि काठाला सपाट, मऊ जमीन उघडी पडते. तंबूवाल्यांचा डोळा तिच्यावरच. पण ते बुडीत क्षेत्र आहे, जलसंपदा विभागाचं. अशा जमिनीला गाळपेर म्हणतात आणि ती पिकासाठी हंगामापुरती देण्याची पद्धत राज्यात जुनी आहे. तंबूचं पीक त्यात बसत नाही. मे महिन्यात जिथे माणूस चटई टाकून झोपतो, तिथे ऑगस्टमध्ये लाटा असतात. त्यापासून फर्लांगभर वर शेतकऱ्याचा गट लागतो, त्याच्याही वर वनखातं. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं.

वाचकाला थेट उत्तर द्यायचं तर असं: आधी जमिनीच्या मालकाला विचारावं, अभयारण्यात असाल तर वनखात्याची पावती घ्यावी आणि पाण्याच्या रेषेखाली तंबू लावूच नये.

नॉर्वेत मोकळ्या रानावर कोणालाही तंबू टाकता येतो. अट एवढीच, की घरापासून १५० मीटर दूर आणि सहसा दोन रात्रींपुरता. विरळ वस्तीच्या देशाला ते परवडतं. अकोले तालुक्याला त्यापेक्षा कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचा धडा जवळचा वाटावा. तिथल्या हाफ डोम सुळक्याच्या दोरांवर इतकी रेटारेटी होऊ लागली, की दिवसाला सुमारे तीनशे परवाने ठरवून सोडतीने वाटावे लागले. कोण कुठे पाय ठेवतो हे पाहत बसण्यापेक्षा त्यांनी पायथ्यालाच मोजणी केली.

भंडारदऱ्यात ते तुलनेने सोपं आहे, कारण बहुतेक गाड्या शेंडीवरूनच आत येतात. हद्दीचा वाद चार खात्यांत कितीही चालो, आत वाहनतळ किती आणि मुक्कामाच्या जागा किती एवढं गावनिहाय ठरवून नाक्यावर तेवढ्याच गाड्या सोडता येतील. आकडा ठरवताना गावच्या समित्यांना सोबत घ्यावं लागेल, कारण शनिवारच्या गर्दीवर साम्रद-घाटघरच्या कित्येक घरांची चूल पेटते. हरिश्चंद्रगडावर मात्र ही युक्ती चालायची नाही. तिथे पाचनईकडून नगरचे, खिरेश्वरकडून पुण्याचे आणि नळीच्या वाटेने ठाण्याचे लोक चढतात. तीन जिल्ह्यांचे तीन दरवाजे.