वर्गणी मागणारी माजी विद्यार्थिनी

हिंगण्याच्या संस्थेच्या सनावळ्या मराठी वाचकाला ठाऊक असतात. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी दिली. मला थांबावेसे वाटते ते पार्वतीबाई आठवल्यांपाशी. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांची ही धाकटी बहीण लहान वयात विधवा झाली आणि पदरी मूल असताना, पंचविशीच्या सुमारास शिकू लागली. पुढे आश्रमाचा कारभार सांभाळत पार्वतीबाई वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. १९१२ साली केशवपन सोडेपर्यंत ही फिरती त्यांनी मुंडन केलेल्या डोक्यानेच केली. विधवेचे दर्शन अपशकुनी मानणाऱ्या घरांच्या दारात एक विधवा उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागत होती. या शिक्षणाने काय होते, असे कुणी विचारले तर दाखवायला दुसरे उदाहरण लागत नव्हते. १९१८ साली जेमतेम इंग्रजीवर त्या अमेरिकेला गेल्या आणि घरकाम करून तिथे राहिल्या.

महिला महाविद्यालयांनी माजी विद्यार्थिनींचा गौरव करताना हे उदाहरण समोर ठेवावे, असे मला मनापासून वाटते. शाल-श्रीफळ जरूर द्यावे, पण तिला संस्थेची वर्गणीदार आणि वर्गणी गोळा करणारीही करावे. यावर कुणी म्हणेल, मोठा दाता मिळाला की किरकोळ वर्गणीची यातायात कशाला? ठाकरसींच्या निधनानंतर त्यांच्या विश्वस्तांशी वाद झाला आणि या देणगीपोटी विद्यापीठाला मिळणारी वार्षिक रक्कम काही काळ थांबली, एवढे लक्षात घ्यावे. हजार घरांतून येणारी वर्गणी एका वादाने बंद पडत नाही. शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि मला तो मान्यही आहे. पगार, इमारत, प्रयोगशाळा ही सरकारचीच जबाबदारी. पण परीक्षा शुल्काची तारीख उलटत असताना एखाद्या मुलीला त्याच आठवड्यात पैसे लागतात, तेव्हा मंजुरीची वाट पाहून चालत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. पगार माजी विद्यार्थिनीच्या खात्यात जमा होतो, पण देणगीचा निर्णय पुष्कळ घरांत अजून तिच्या एकटीचा नसतो. आणि त्याही आधी तिचा पत्ता लागायला हवा. महाविद्यालयाच्या रजिस्टरात माहेरचे नाव असते. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत पाळण्यातले नावही जाते. आनंदीबाई स्वतः माहेरच्या गोदूबाई जोशी. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची ही पहिली विधवा विद्यार्थिनी कर्वे या आडनावाखाली शोधली, तर सदनाच्या वहीत सापडणार नाही. म्हणून शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका न्यायला मुलगी खिडकीपाशी येते, तेव्हाच तिच्या आईचा आणि एका मैत्रिणीचा फोन नंबर लिहून घ्यायला हवा.